दिसल्याशिवाय म्हणायचं नाही

"नाली, उजवीकडे," मी हळूच म्हटलं.

"नाली, उजवीकडे," हे तितक्याच हळू म्हणाले आणि पाऊल डावीकडे सरकवलं.

"आता चढ. गोटे गुळगुळीत हायेत."

"गोटे गुळगुळीत."

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाडी जाते, पण ती मागच्या बाजूने. आमच्या ह्यांना किल्ला चढायचा तर पुढच्या दारातून, पायी, राजासारखा चढायचा होता. "राजा पायी थोडीच जात होता, हत्तीवर बसून जात होता," मी म्हटलं, तर म्हणाले, "मंग आन हत्ती." आता या माणसापुढे काय बोलावं! हत्ती नव्हता म्हणून मी होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून हे चढत होते आणि दहा पावलं पुढे आमची संघमित्रा उलटी चालत मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढत होती.

"अरे वा, क्या बात है! घरी तं कधी असे नाही चालत तुम्ही दोघं."

"घरी चढ नाही," हे म्हणाले.

पोरगी खळखळून हसली. मला मात्र घाम फुटला होता. तिच्या बापाला ती नाली दिसत नव्हती, आणि हे तिला कळता कामा नये असा शब्द मी देऊन बसले होते.

हे म्हणजे आनंदराव रामटेके. भिलाईच्या चरोडा यार्डात मालगाडीचे लोको पायलट होते, छत्तीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मी ललिता, भंडाऱ्याकडची, मराठीत डी.एड. केलं आणि जन्मभर चरोड्याच्या हिंदी शाळेत क ख ग शिकवलं. मराठी माझ्या वाट्याला आली ती घरात आणि आता या कागदावर.

इंजिनात दोघं असतात, पायलट आणि त्याचा सहायक. सिग्नल आला की एकाने हात पुढे करून मोठ्याने सांगायचं, "होम, पिवळा." होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि परत म्हणायचं, "होम, पिवळा." रात्र असो, धुकं असो, समोर सरळ रूळ असो, म्हणायचंच. ही सवय ह्यांच्या अंगात इतकी मुरली की घराचंही इंजिन झालं. स्कूटरवर मी मागे बसायची. "सिग्नल, लाल," हे ओरडायचे. मी गप्प राहिले तर मान वळवून विचारायचे, "झोपली का व?" मग मी भर चौकात "लाल" म्हणायची आणि बाजूचे स्कूटरवाले माझ्याकडे बघायचे. दूध वर आलं, नळ आला, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, सगळं एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने परत म्हणायचं. लोकांच्या घरात भांडणं होतात, आमच्या घरात कॉल आउट व्हायचं.

पण त्यात एक कलम मात्र फार कडक होतं. दिसल्याशिवाय म्हणायचं नाही. चंपत नावाचा एक नवा सहायक होता. त्याने एकदा डोंगरगडच्या अलीकडे डुलकीत नुसतं ऐकून परत म्हटलं. ह्यांनी पुढच्या स्टेशनात त्याला इंजिनातून उतरवलं आणि दुसरा माणूस मागितला. बिचारा आमच्या घरी येऊन रडला. "काकू, साहेबाले सांगा ना, लेकरंबाळं हायेत." मी सांगितलं. साहेब ऐकतात होय! म्हणाले, "न दिसता बोलला तं तो चार डोळ्यांचे दोन करते. अन् मले वाटत राहते का चार हायेत."

संघमित्रा तेव्हा आठवीत होती. ती दाराआडून ऐकत होती हे मला आठवतं, कारण दुसऱ्या दिवशी तिने शाळेत निबंध लिहिला, मी मोठेपणी इंजिन चालवणार. बाईंनी खाली लिहिलं, "बेटी, टीचर भी अच्छा होता है." आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे, ग्वाल्हेरला सहायक लोको पायलट आहे, आणि तिच्याशिवाय आमच्या गल्लीतली अजून एकही पोरगी इंजिनात चढलेली नाही. ती पहिल्यांदा ड्यूटीवर गेली त्या दिवशी ह्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "माझ्याहून नजर तेज हाये तिची."

नजर! त्या शब्दाचीच आता मला धास्ती वाटते.

सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. हे जेवताना बाजूची वाटी सांडायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. "चौकट सरकली का?" म्हणायचे. मी हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने यंत्राला डोळे लावायला लावले, बराच वेळ पाहिलं आणि काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्याने फक्त मधलं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. गेलेलं परत येत नाही. थेंब टाकून उरलेलं राखायचं, एवढंच. आणि मग प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता, मान वर न करता ते म्हणाले, "बच्चे हैं? उनकी आँखें जरूर दिखवाइए. ये घराने में चलता है. जल्दी पकड़ में आ गया तो दवा से रुक जाता है."

बाहेर आल्यावर ह्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. मला स्कूटर चालवता येत नाही. आम्ही दोघं ती हाताने ढकलत घरी आलो. वाटेत हे एवढंच बोलले, "संघमित्राले सांगायचं नाही."

"अवो, डॉक्टर काय म्हनले थे आयकलं का?"

"आयकलं. रेकॉर्डवर एक अक्षर आलं ना, तं तिले इंजनातून उतरवतील. टेबलावर बसवतील. फाइली उचलत बसंन जिनगीभर. तिचं मेडिकल दोन वर्षानं हाये, तवा पाहू."

"अन् तवापर्यंत डोळा गेला तं?"

"तिची नजर तेज हाये."

बस्स, संपलं. मी रोज रात्री ठरवायची की उद्या फोन करून सांगते, आणि रोज सकाळी पोरीचा आवाज ऐकला की जेवलीस का, एवढंच विचारायची. "आई, काल एकशे दहाच्या स्पीडने आलो, मजा आली!" असं ती म्हणायची. अशा पोरीला काय सांगू? सात महिने असेच गेले. मग तिने तिकिटं पाठवली, या म्हणाली, माझं गाव पाहा. छत्तीसगड एक्सप्रेस नागपूर सोडून पुढे निघाली तेव्हा ह्यांनी माझा हात दाबून पुन्हा शब्द घेतला. मी दिला. डोळ्यांचे थेंब मी पर्समध्ये चष्म्याच्या डबीत लपवले. ग्वाल्हेरला उतरल्यावर पोरीने विचारलंच, "बाबांच्या डोळ्याले काय झालं? लाल का?" मी म्हटलं, "धूळ." धूळ! देवाधर्मावर विश्वास नाही म्हणून, नाहीतर त्याच क्षणी पाप लागलं असतं मला.

तर अशी आमची वरात किल्ला चढत होती. पाचवा दरवाजा ओलांडून वर आलो आणि समोर राजवाड्याची भिंत उभी राहिली. एवढी उंच की मान मागे टाकावी लागते, आणि दगडावर निळ्या फरशा, इतक्या निळ्या की वाटावं कालच बसवल्या. त्यांच्यात हत्ती, केळीची झाडं, आणि वरच्या पट्ट्यात बदकांची रांग.

"बाबा, बदकं पाहा. पिवळी बदकं," संघमित्रा म्हणाली.

"पिवळी बदकं," हे म्हणाले. ताबडतोब. अगदी एका श्वासात.

मी पोरीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली आणि गेली.

राजवाड्याच्या आत अंधार. वटवाघळांचा वास. खाली जायचे जिने इतके अरुंद की एका वेळी एकच माणूस मावावा. मी ह्यांना म्हटलं, आपण बाहेर सावलीत बसू, माझे गुडघे दुखतात. हे ऐकतील तर ना! पोरगी दाखवायला निघाली आहे म्हटल्यावर आनंदराव मागे राहतील? दोन दालनं कशीबशी पार झाली. तिसऱ्यात हे सरळ एका खांबावर जाऊन आदळले. धाड्‌कन आवाज आला. मागच्या माणसांनी "संभल के, अंकल" केलं.

"हा खांब मधातच कोनी ठेवला बे?" हे कपाळ चोळत म्हणाले.

"पाचशे वर्षांपासून इथंच हाये, बाबा," संघमित्रा म्हणाली. ती हसली नाही.

बाहेर आल्यावर तिने बाटलीच्या पाण्याने रुमाल भिजवून बापाच्या कपाळावर धरला. गुठळी आली होती. त्या वेळी तिने ह्यांच्या उजव्या डोळ्यासमोर आपला हात एकदा वरून खाली नेला, माशी उडवावी तसा. पापणी हलली नाही. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. मी आतून देवळातल्या घंटेसारखी वाजत होते आणि तोंडाने म्हणत होते, "चाला, भुका लागल्या असतील."

"भूक मंग," हे म्हणाले. "पयले लाइन दाखव मले. मी तुझा किल्ला पाहाले थोडीच आलो. जिथून गाडी चालवतं थे पाहाले आलो."

ती आम्हाला तटाकडे घेऊन गेली. तिथे कमरेएवढा कठडा आहे आणि त्याखाली कडा सरळ तुटलेला. तळाशी जुनं शहर पसरलेलं. दाटीवाटीची सपाट छपरं, छपरांवर पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेली गोधडी, एक हिरवा घुमट, कुठल्यातरी गच्चीवर मिरच्या पसरणारी बाई. गल्ल्यांमधला आवाज इतक्या वरपर्यंत येत नव्हता. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे रूळ. नोव्हेंबरच्या उन्हात दोन जोड्या चमकत होत्या.

"त्या पाहा, बाबा. माझी लाइन. तिकडे धौलपूर, आग्रा."

"हाव. मस्त हाये," हे म्हणाले. पण त्यांचं तोंड तिच्या बोटाच्या बरंच डावीकडे होतं. तिथे नुसती टेकडी होती.

संघमित्रा शहराकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. मग तिने उजवा हात लांब केला, आणि मी आजवर कधी न ऐकलेल्या आवाजात, तिच्या ड्यूटीच्या आवाजात, म्हणाली, "डाउन लाइन, मालगाडी. इंजिन दोन."

ह्यांनी हात पुढे केला. अंगठा आत, बोटं सरळ. "डाउन लाइन, मालगाडी. इंजिन दोन."

मी खाली पाहिलं. रुळांवर गाडी नव्हती. माणूस नव्हता. म्हैससुद्धा नव्हती.

पोरीचा हात तसाच लांब राहिला. "बाबा," ती म्हणाली, "गाडी नाहीये."

वाऱ्याने ह्यांचा शर्ट फुगत होता. मग म्हणाले, "आवाज नाही आला. तवाच समजलं होतं मले."

"मंग कावून रिपीट केलं?"

"तू म्हनली म्हनून."

"चंपतकाकाले याच्याचसाठी उतरवलं होतं तुम्ही."

"उतरवलं होतं," हे म्हणाले. "बराबर उतरवलं होतं."

तिने हात खाली घेतला आणि बापाच्या समोर, अगदी नाकासमोर जाऊन उभी राहिली, जिथे तिचा चेहरा त्यांना दिसेल. आवाज मऊ झाला होता. "काय दिसते तुमाले? सच बताओ. मी काहीच नाही म्हनत."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण ह्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. फटाके फुटले तरी न दचकणारा माणूस, पोरीच्या समोरून मान फिरवत होता. आपल्या पोरीच्या गावात, एवढ्या उंचावर, ती सांगत होती ते सारं खाली पसरलेलं आणि ह्यांना त्यातलं काही नाही. ह्यांनी कठड्यावर दोन्ही हात टेकवले आणि शहराकडे तोंड केलं.

"दिसत नाही," हे म्हणाले.

संघमित्रा बाजूला उभी राहिली. तिनेही कठड्यावर हात टेकवले. "दिसत नाही," ती म्हणाली.

मग माझाच बांध फुटला. शब्द दिला होता, गेला तो शब्द चुलीत! मी रडत रडत सगळं ओकून टाकलं. काचबिंदू, नळी, थेंब, चष्म्याची डबी. आणि शेवटी ते, जे सात महिने मी दाबून ठेवलं होतं. "डॉक्टर म्हनले पोरांचे डोळे दाखवा. तुझे डोळे दाखव, बाई. हे घरात चालते म्हनले."

तिला ते समजायला एक क्षण लागला. मग ती माझ्यावर उसळली. बापावर नाही, माझ्यावर.

"कधी म्हनले?"

"सात महिने झाले."

"सात महिने, आई? मतलब सात महिने मी मागं अठ्ठावन डबे घेऊन चालून राहिली, अन् तुले माहीत होतं?"

"ह्यांनी नको म्हनलं..."

"ह्यांनी म्हनलं अन् तू रिपीट केलं! तुले तं दिसून राहिलं होतं ना? तुले काय झालं होतं?"

मी पदराने तोंड झाकलं. आजूबाजूची माणसं बघत होती, एक बाई तर सेल्फी थांबवून बघत होती. बघू देत. त्या वेळी मला माझ्या नवऱ्याचा राग आला, पोरीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

"तिले नको बोलू," हे म्हणाले. "मीच अडवलं. मले वाटलं, तुले उतरवतील."

"उतरवतील तं उतरवतील."

"आसं सोपं हाये का? किती घासून चढली तू तिथं. या खानदानात..."

"मले माहीत हाये सोपं नाही," ती म्हणाली, आणि आता तिचाही आवाज फाटला. "मले भेव लागून राहिलं, बाबा. भल्लं भेव लागून राहिलं. मले दुसरं कोनतंच काम येत नाही. पण दिसत नसंन तं मी कोनाच्या भरोशावर हात दाखवू?"

तिने डोळे पुसले आणि मोबाइल काढला. ड्यूटी लावणाऱ्या साहेबांना लावला. हिंदीत बोलली, ताठ, इंजिनातल्यासारखी. "सरजी, संघमित्रा रामटेके. कल मेरी ड्यूटी मत लगाइएगा. नहीं सर, छुट्टी नहीं. आँखों की जाँच करानी है, घर में ग्लूकोमा निकला है. जी, लिखकर दूँगी. जी, मुझे पता है."

पलीकडून ते काहीतरी बराच वेळ बोलत होते. ती ऐकत राहिली. "हाँ सर. तब तक गाड़ी पर नहीं चढ़ूँगी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एक गाइड परदेशी पाहुण्यांना घेऊन आला, कुठल्या राजाने कुठून तोफ डागली ते सांगून निघून गेला. हे कठड्याला टेकून उभे होते. मी मनात म्हटलं, आता हा माणूस महिनाभर अन्न गोड लागू देणार नाही. पण ह्यांनी हात पसरून चाचपत माझी पर्स शोधली, चेन उघडली आणि चष्म्याची डबी बाहेर काढली.

"माझे कागद कुठे हायेत?" ह्यांनी मला विचारलं. "डॉक्टरचे."

"घरी. आलमारीत."

"शेजारच्या कांताले फोन कर. किल्ली तिच्यापाशी हाये. म्हन फोटो काढून धाड, पयल्या पानापासून." मग पोरीच्या बाजूला, अंदाजाने, तोंड करून म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्यासंग. घरात कोनाले हाये विचारतील. तू नको सांगू. मी सांगतो."

"बरं," संघमित्रा म्हणाली.

मी तिथेच कठड्याजवळच्या दगडावर बसले आणि कांताला फोन लावला. आलमारीचा कोणता कप्पा, कोणती पिशवी, सगळं सांगत होते. हे माझ्या शेजारी येऊन बसले. ह्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, थंडगार.

पोरगी मात्र कठड्यापाशीच उभी होती. आमच्याकडे पाठ होती. तिने डावा तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला आणि खालच्या शहराकडे पाहिलं. छपरं, टाक्या, घुमट, मिरच्यावाली बाई, सगळीकडे हळूहळू मान फिरवून पाहिलं. मग तो हात काढला आणि उजवा तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला.

या खेपेला तिने जास्त वेळ घेतला. फोनवर कांता विचारत होती, "भाभी, निळी पिशवी का पांढरी?" आणि मी पोरीच्या त्या तळहाताकडे पाहत होते.

"काय करून राहिली ती?" ह्यांनी मला विचारलं.

"शहर पाहून राहिली," मी म्हटलं.